गहाणे मॅडमचा बर्फ

आमच्या दवाखान्यात ‘शेक’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. तसा काही सरकारी आदेश नव्हता. आदेश गहाणे मॅडमचा होता, आणि तो सरकारी आदेशापेक्षा जास्त पाळला जायचा. नवीन आलेल्या एखाद्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर सवयीनं ‘बर्फाचा शेक, दिवसातून चार वेळा’ असं लिहिलं की मॅडम ती चिठ्ठी घेऊन तडक त्यांच्या टेबलापाशी जात, त्यांच्याच खिशातलं पेन मागत, ‘बर्फाचा शेक’ एवढी अक्षरं खोडून वर ‘बर्फ लावा’ लिहीत आणि चिठ्ठी पेशंटच्या हातात देत. डॉक्टर वयानं त्यांच्या मुलाएवढे. ते बघत राहायचे आणि मग माझ्या खिडकीपाशी येऊन विचारायचे, “वालदेभाऊ, या बाईंना झालंय तरी काय?”

मी औषधांच्या खिडकीत बसणारा माणूस. समोर रांग, मागे फळ्या, फळ्यांवर गोळ्या. “कळेल हळूहळू,” एवढंच मी सांगायचो, कारण सांगायला बसलो असतो तर रांगेतल्या माणसांनी खिडकी उचकटली असती. आता रांग नाही आणि मॅडमही इथे नाहीत, म्हणून सांगतो.

गहाणे मॅडम आमच्याकडे फिजिओथेरपिस्ट होत्या. नवेगाव बांधपासून जवळच आमचा दवाखाना. व्हरांड्याच्या टोकाची खोली त्यांची: दोन पलंग, खांद्याच्या व्यायामाचं एक लोखंडी चाक, भिंतीवर हात सरकवण्याची शिडी. बाई लहानखुऱ्या, सडपातळ. अंगावर सुती साडी आणि पायात खेळाडूंचे बूट. आडनाव गहाणे, पण जीभ त्यांनी कोणाकडे गहाण ठेवलेली नव्हती. आणि पाय तर नाहीच नाही. बोलताना त्या एका जागी उभ्या राहिल्यात असं मी पाहिलं नाही. खिडकीशी आल्या तरी टाचा वर, टाचा खाली. हाताशी जे येईल ते उचलायचं, फिरवायचं आणि जाताना भलतीकडे ठेवून द्यायचं. मला वस्तू जागच्या जागी लागतात. माझा तारखेचा शिक्का एकदा दोन दिवस सापडेना, तेव्हा मी सगळ्यांवर डाफरलो. शेवटी तो त्यांच्या बर्फाच्या डब्यात मिळाला. “बरा झाला का?” असं विचारून त्यांनी तो ओलाच माझ्यापुढे ठेवला.

आता बर्फाचं. दवाखान्यातला फ्रीज लसींसाठी. त्यात दुसरं काही ठेवायला सक्त मनाई, आणि ती मनाई मॅडमलाही मान्य होती. मग बर्फ आणायचा कुठून? तलावावर ढिवरांची मासेमारीची सोसायटी आहे. तिथे मासोळीच्या पेट्यांसाठी गोंदियाहून बर्फाच्या लाद्या येतात, धानाच्या भुशात गुंडाळलेल्या. मॅडम सकाळी स्कुटीवर पायांमधे निळा डबा ठेवून तिथे जात आणि लादीचा तुकडा घेऊन येत. धुऊन, पोत्यात घालून, लाकडी मोगरीनं फोडत. ती मोगरी आपटली की माझ्या फळ्यांवरच्या बाटल्या किणकिणायच्या. बर्फ कितीही धुतला तरी त्याला एखादा भुशाचा कण आणि मासोळीचा वास राहायचाच.

“मॅडम, माह्या गुडघ्याले मासोळीचा वास येऊन राह्यला,” एक म्हातारी एकदा कुरकुरली.

“मंग आज मांजरीपासून दूर राहाय, माय.”

धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांच्या खोलीबाहेर बायांची रांग लागायची. दिवसभर चिखलात वाकून कमरेचं लाकूड झालेलं, गुडघे सुजलेले. थंड लावलं की वाताचं दुखणं वाढतं, ही सगळ्यांची पक्की समजूत. मॅडम वाद घालत नसत. ओल्या टॉवेलात बर्फ गुंडाळायचा, पण त्याआधी आपला तळवा दुखऱ्या जागेवर ठेवायचा. हे कधीही चुकलं नाही. तळव्यानं सूज किती, ऊब किती, हे त्या बघायच्या. मग दोन वाट्यांतलं पाणी, एक गार, एक कोमट. पेशंटनं डोळे मिटायचे आणि कातडीला लागलेलं पाणी गार की गरम ते सांगायचं. ज्याला गार कळत नाही त्याला बर्फ नाही. एका निवृत्त ग्रामसेवकांनी दोन्ही वेळा मोठ्या ठसक्यात “गरम” असं उत्तर दिलं. मॅडमनी बर्फ परत डब्यात टाकला आणि त्यांना सरळ डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. साखर केव्हाची वाढलेली, पायांची जाणीव गेलेली, आणि माणसाला पत्ता नाही. त्याबद्दल आभार मानायचे सोडून ग्रामसेवकांनी तक्रार दिली की, या बाई ओळखीच्यांनाच बर्फ देतात. ती तक्रार मॅडमनी माझ्या खिडकीत उभ्या राहून मला मोठ्यानं वाचून दाखवली. रांगही ऐकत होती.

बर्फ लावल्यावर त्या पेशंटला सोडून कधी हलत नसत. बस म्हटलं तरी न बसणारी ही बाई, पण ती पंधरा मिनिटं पलंगाभोवतीच घिरट्या घालायची. “इस्त्री चालू ठिवून कोणी बाहेर जाते का?” असं म्हणायच्या. दर दोन-तीन मिनिटांनी विचारणं चालू: “काय लागून राह्यलं?” बायांना उत्तरं पाठ झाली होती. आधी गार, मग जळजळ, मग ठणका, मग बधिर. बधिर झालं की बर्फ काढायचा, एक मिनिटही जास्त नाही. कपड्याशिवाय लावायचा नाही. बाहेर व्हरांड्यात आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या बायासुद्धा आत ओरडायच्या, “जळजळ झाली का वं? आता ठणकन पाय!”

याच बाई एकदा चहाचा कप तसाच टाकून पळाल्या होत्या. अर्जुनीत एका जिमवाल्यानं मोबाइलवर काहीतरी पाहून निळ्या प्लास्टिकच्या ड्रममधे बर्फाचं पाणी भरलं होतं, आणि लोकांना त्यात गळ्यापर्यंत बसवत होता. मोठे खेळाडू असंच करतात म्हणे. खताच्या दुकानाचे आमचे एक शेठ त्यात बसायला जाणार आहेत, हे मी चहा पिता पिता सहज बोललो. शेठच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याच खिडकीतून जायच्या. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि स्कुटी सुरू झाल्याचा आवाजच पुढे आला. तिथे काय घडलं ते शेठनीच नंतर सांगितलं. मॅडम आत शिरल्या, ड्रममधे हात घातला, शेठच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “निंगा बाहेर.”

“अजून चार मिनिटं हायेत,” दात वाजवत शेठ म्हणाले.

“चार मिनिटांनं तुमी नसान.”

जिमवाला मधे पडला. “मॅडम, बड़े-बड़े खिलाड़ी करते हैं.”

“उनके पास डॉक्टर खड़ा रहता है. तुम्हारे पास कौन खड़ा है? ये गाना?” तिथे मोठ्यानं गाणं लावलेलं होतं.

शेठला त्यांनी टॉवेलात गुंडाळून उन्हात बसवलं. आणि मग, हे मला फार आवडतं, त्याच जिमवाल्याला आठवडाभर रोज दुपारी दवाखान्यात बोलावून शिकवलं: कोणाला काय विचारायचं, किती वेळ, कोणाला अजिबात नाही. तो पुढे व्यायामात मुरगळलेली पोरं स्वतः घेऊन यायला लागला. मॅडमना राग यायचा आणि जायचा, पण तो जाताना माणसाला काहीतरी शिकवून जायचा. माझा राग नुसताच येतो.

पण शब्दाची ती बंदी या सगळ्याच्या आधीची. ती आली रोशनी मडावीमुळे. किंवा तिच्या आईमुळे. किंवा मॅडम म्हणायच्या तसं, त्यांच्या स्वतःमुळे.

रोशनी जंगलाला लागून असलेल्या एका छोट्या गावातली. बाप लहानपणीच गेलेला. मायलेकी दोघीच. उन्हाळ्यात वनखात्याकडे हंगामी मजुरी करायची: वणवा अडवायला पालापाचोळा झाडून जाळरेषा काढायच्या, वणवा लागला की ओल्या फांद्या घेऊन झोडपायचा. हंगाम संपला की काम संपलं. तिला वनरक्षक व्हायचं होतं, कायमची. ज्या जंगलात हंगामी म्हणून धूर खायचा, तिथेच अंगावर वर्दी घालून फिरायचं. ती लेखी परीक्षा पास झाली. मुलींना तीन किलोमीटर पळायचं असतं, म्हणून रोज उजाडताना तलावाच्या बांधावरून पळायची. पळायच्या चाचणीला पंधरा दिवस राहिले असताना त्याच बांधावर तिचा घोटा मुरगळला.

मॅडम तेव्हा दुसऱ्या दवाखान्याचंही काम बघत होत्या आणि त्या दिवशी तिकडेच होत्या, म्हणून रोशनीच्या आईनं फोन केला. त्या गावात रेंज नाही, बांधावर चढून बोलावं लागतं आणि तिथेही आवाज तुटतो. मॅडम म्हणाल्या, “बर्फाचा शेक द्या. पंधरा-पंधरा मिनिटं, दिवसातून चारदा, चार दिवस.” आईला ‘बर्फाचा’ ऐकू आलं नाही, ‘शेक’ ऐकू आलं. बर्फ ऐकू आला असता तरी त्या माउलीनं काय केलं असतं कोण जाणे. कारण शेक म्हणजे ऊब, हे तिला तिच्या आजीनं शिकवलेलं. थंडगार शेक कुठे असतो का? आपण शिकलेली माणसंच असं काहीतरी बोलतो आणि समजलं असं धरून चालतो.

तिनं वीट चुलीत तापवली, फडक्यात बांधली आणि लेकीच्या घोट्यावर ठेवली. शेजाऱ्याच्या घड्याळावर पंधरा मिनिटं मोजली. दिवसातून चारदा, चार दिवस. रोशनी दात आवळून सहन करत राहिली, मॅडमनी सांगितलंय म्हणून.

पाचव्या दिवशी दोघी दवाखान्यात आल्या तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. घोटा सुजून पिंडरीएवढा झालेला, वर फोड, त्यांतले दोन फुटलेले. आईच्या चेहऱ्यावर मात्र काम पुरं केल्याचं समाधान होतं.

“एकबी टाइम चुकवला नाई, मॅडम.”

“कायचा शेक देल्ला, माय?”

“इटेचा. दुसरा कायचा रायते?”

मॅडम ओरडल्या नाहीत. खाली जमिनीवर बसल्या, रोशनीचा पाय मांडीवर घेतला आणि धुऊ लागल्या. रोशनीनं दोनच प्रश्न विचारले. बूट कवा घालता येईन, आणि तोवर तारीख राहीन का. दोन्हीची उत्तरं तिला मॅडमच्या चेहऱ्यावर मिळाली असावीत, कारण तिनं तिसरा प्रश्न विचारला नाही. तिची ती भरती गेली.

दुपारी मॅडम माझ्याकडे लाल पेन मागायला आल्या. मी आपला समजूत घालायला गेलो, “तुमची काय चूक, मॅडम? रेंजची चूक.”

“शब्द तं माझाच होता ना जी,” म्हणाल्या आणि पेन घेऊन गेल्या. त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात शेक बंद झाला.

त्यानंतर त्या रोशनीच्या घरी जात राहिल्या. एका पायावर उभं राहून दात घास, डोळे मिटून उभी राहा, पायऱ्या चवड्यांवर चढ, असलं काहीबाही तिला शिकवत राहिल्या. रोशनी फार बोलायची नाही, पण सांगितलेलं करायची. काही वर्षांनी पुन्हा जागा निघाल्या. वयाची अट बघता तिची ही शेवटची संधी होती. ती पुन्हा लेखी परीक्षा पास झाली. मॅडम मला दिवसातून तीनदा येऊन तिचा पळण्याचा वेळ सांगायच्या, जणू मी मागितला होता. त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नसे. पेशंट नसला की व्हरांड्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आणि चाचणीला दहा दिवस असताना जाळरेषेवर काम करताना रोशनीचा पाय दगडावरून घसरला. तोच पाय, तोच घोटा.

या खेपेला ती कोणालाही फोन न करता एका मजुराच्या मोटरसायकलवर बसून थेट दवाखान्यात आली. मॅडमनी पहिले दोन दिवस स्वतःच्या हातानं बर्फ लावला, तिला घरी जाऊच दिलं नाही, आपल्याच घरी ठेवलं. मग घोटा हलवणं, मग उभं राहणं, मग चालणं. सूज उतरली. पण एका पायावर दहा उड्या मार म्हटलं की सातव्या-आठव्या उडीला रोशनीचा चेहरा सांगायचा.

चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “मॅडम, उद्या पळाच्या आंधी बर्फ लावून पाय बधिर करून द्या. पंधरा मिनिटाचंच तं काम हाय.” खोलीचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

“नाई.”

“काऊन?”

“बधिर पायाले जमीन समजत नाई, रोशनी. वाकडा पडला तं तुले कळणारबी नाई. हाड जाईन.”

“जाऊ द्या. हाड माझं हाय.”

मॅडम खोलीबाहेर पडल्या. त्या दिवशी त्या व्हरांड्यात किती फेऱ्या मारत होत्या, मोजायचं मी सोडून दिलं. पेशंट येत होते, जात होते. बूट फरशीवर चिरकत होते. माझ्या हातून एकाला दुसऱ्याच्या गोळ्या दिल्या जाता जाता राहिल्या, तेव्हा मी ओरडलो, “मॅडम, एक तर बसा, नाही तर घरी जा!”

त्या खिडकीशी आल्या. टाचा वर, टाचा खाली. “तुमी काय केलं असतं जी?”

“मी दिला असता,” मी म्हणालो. तिथे थांबायला हवं होतं. पण माझी जीभ. “एकदा तुमच्यामुळं गेली तिची भरती. आता दुसऱ्यांदा तरी...”

पुढचं वाक्य मी गिळलं. पण गिळायला उशीर झाला होता. मॅडमनी माझ्या टेबलावरचं स्टेपलर उचललं, पुन्हा होतं तिथेच नीट ठेवलं आणि निघून गेल्या. मला माझीच लाज वाटली. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की, उद्या माझी गाडी आहे, मी नेतो तुम्हा दोघींना गोंदियाला.

सकाळी निघालो. रोशनी मागे, मॅडम पुढे, त्यांच्या मांडीवर निळा डबा. डब्यात बर्फ वाजत होता. माझ्या मनात आलं, बाईंनी विचार बदलला. रोशनीच्याही मनात आलं असावं. आरशात ती डब्याकडेच बघत होती.

“पळणं झाल्यावर लागते,” कोणी न विचारता मॅडम म्हणाल्या. आणि कोहमाऱ्याचा फाटा येईपर्यंत डब्याच्या झाकणावर बोटांनी ताल धरून बसल्या. मला त्या आवाजानं नको नको झालं, पण त्या सकाळी मी रस्त्यावरच नजर ठेवली.

मैदानावर गर्दी होती. दोरीच्या अलीकडे आईबाप, भाऊ, शिकवणीवाले. कुठे कुठे फुस्स करून पायांवर बधिर करणारे गार फवारे मारणं चाललं होतं. औषधाचा झोंबरा वास हवेत. रोशनीनं त्या फवाऱ्यांच्या डब्यांकडे एकदा पाहिलं. मग तोंड धुऊन येते म्हणून नळाकडे गेली, आली आणि पाय पुढे करून बसली. मॅडमनी नेहमीसारखा आधी घोट्यावर तळवा ठेवला, मग पट्टी घट्ट बांधली.

“मॅडम, अजूनबी टाइम हाय, बर्फ लावून द्या,” रोशनी हळूच म्हणाली.

“दुखन तं दुखू दे. लय दुखलं तं थांब. बधिर असशीन तं थांबाचंच समजणार नाई तुले.”

रोशनी दोरीखालून गेली. शिट्टी झाली. साडेसात फेऱ्या. चौथ्या फेरीपर्यंत ती पुढच्या घोळक्यात होती. पाचवीत तिचं एक पाऊल लहान पडायला लागलं. मॅडम दोरीला धरून तिच्या बाजूबाजूनं जमेल तेवढं पळत होत्या, लोकांवर आदळत होत्या, कोणाची तरी माफी मागत होत्या. सहावीत दोघीतिघी रोशनीच्या पुढे गेल्या. ती थांबली नाही. शेवटची रेघ ओलांडून खाली बसली, तेव्हा मॅडम दोरीखालून आत घुसल्या. एक शिपाई “ओ बाई, ओ बाई” करत मागे धावला. त्याच्याकडे न बघता त्यांनी पट्टी सोडली आणि टॉवेलात बर्फ गुंडाळून घोट्यावर धरला.

“काय लागून राह्यलं?” त्यांनी विचारलं.

रोशनी पलीकडे बघत होती. तिकडे सगळ्यांच्या वेळा वाचून दाखवत होते.

यादी मार्च संपता संपता आली. मोबाइलवर मीच पाहिली, खालपर्यंत, मग पुन्हा वरून. रोशनीचं नाव नव्हतं. थोडक्यात गेलं होतं. किती थोडक्यात ते मला मॅडमना सांगावंच लागलं, कारण त्यांनी दोनदा विचारलं.

त्यानंतर दोन दिवस दवाखान्यात मोगरीचा आवाज आला नाही. डबा कोपऱ्यात कोरडा पडून होता. मॅडमचं साठावं वर्ष सरलं होतं, पुढच्या महिनाअखेरीस करार संपत होता आणि मग त्या मुलीकडे रायपूरला जाणार होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, “चला, रोशनीकडं जाऊन येऊ.” मी खिडकी बंद केली.

अंगणात मोहफुलं वाळत घातलेली. रोशनी उकिडवी बसून त्यातला काडीकचरा वेचत होती. आईनं पाणी दिलं, खाट टाकली. मॅडम बसल्या नाहीत.

“रोशनी, मी बर्फ देल्ला असता तं तू भरतीत लागली असतीस का, मले मालूम नाई,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खडखडीत, पण शब्द एकेक करून येत होते. “पण मी देल्ला नाई. आज मांगशीन तं आजबी देणार नाई. मांगच्या खेपेलेबी माझ्यापायीच गेलं तुझं. हे तुझ्या तोंडावर सांगाव म्हून आली.”

रोशनी काड्या वेचत होती. आई एकदा तिच्याकडे, एकदा मॅडमकडे बघत होती. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

मग रोशनी मान वर न करता म्हणाली, “तुमी कायले जिवाले लावून घेता, मॅडम? मी फवारा मारला होता.”

“काय?”

“तुमी पट्टी बांधाच्या आंधी. नळावर गेलती न मी, तेवा. एका पोरीजवळचा घेतला. मस्त बधिर झाला होता पाय. तरीबी नाई झालं.” आता तिनं मान वर केली. “मंग तुमच्या बर्फानं काय होणार होतं?”

मॅडमनी एकदा आपल्या तळव्याकडे पाहिलं. आणि मग असा आवाज चढवला की शेजारची दोन माणसं कुंपणाशी आली. “बेअक्कल! कातडी जळते त्यानं! कोणाले इचारून मारला? पाय दाखव!” पुढे बसून त्यांनी रोशनीचा पाय ओढून घेतला, उलटापालटा करून पाहिला, घोट्यावरून अंगठा फिरवला. “नशीब तुझं. पुन्हा असं करशीन तं माझ्या दारात येजो नको.”

“नाई करत,” रोशनी मान खाली घालून म्हणाली.

“आजकालच्या पोरी आयकत नाईत, मॅडम,” आई म्हणाली आणि तिनंही लेकीला दोन शब्द सुनावले. मग चहा झाला. मॅडमनी चहा खाटेवर बसून घेतला, कपभर मोहफुलं पदरात बांधून घेतली, रोशनीला एका पायावर उभं राहायचे व्यायाम चालू ठेव म्हणून दोनदा बजावलं. निघताना रोशनी गाडीपर्यंत आली. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

परतीच्या वाटेवर मला फार हलकं वाटत होतं. मीही त्या दिवशी खिडकीत जे बोललो होतो, त्यातून सुटल्यासारखा झालो होतो. मॅडम बाहेर बघत होत्या. शेवटी न राहवून मी म्हणालो, “बरं झालं, मॅडम, पोरीनं खरं काय ते सांगितलं. मोकळ्या झालात तुम्ही.”

त्यांच्या घराचं वळण आलं. गाडी पुरती थांबायच्या आतच त्यांनी दार उघडलं, उतरल्या, चार पावलं गेल्या. मग मागे येऊन खिडकीत वाकल्या.

“पट्टी मीच बांधली होती न जी,” त्या म्हणाल्या. “मी हात ठिवला तेवा पाय गरम होता.”

एवढं सांगून त्या भरभर चालत गल्लीत वळल्या.